मात्रेचा हिशेब

जंगलखात्याच्या दप्तरात इमारती लाकडाला जो मान असतो, तो झाडाच्या साली-मुळांना आणि फळाफुलांना कधीच मिळत नाही. सागाच्या ओंडक्यावर हातोड्याचा शिक्का उमटतो, त्याची लांबी आणि घेर मोजून नोंद होते, कूप तुटण्यापूर्वी आणि तुटल्यानंतर कागदी घोडे नाचत राहतात. परंतु हिरडा, मोह, शिकेकाई, वावडिंग, कुड्याची साल, उपळसरीची मुळे या साऱ्यांची बोळवण किरकोळ उत्पन्नाच्या सदराखाली वर्षअखेरीच्या एका आकड्यात होऊन जाते. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मी या खात्याच्या चाकरीत दाखल झालो, आणि जुन्नरच्या पश्चिमेकडील डोंगरपट्टा, जव्हार-मोखाड्याचे रान व अखेरीस सावंतवाडीकडचा मुलूख अशा तीन ठिकाणी आयुष्याची उमेदीची वर्षे घालवून निवृत्त झालो. लाकडाचा हिशेब मला खात्याने शिकवला. किरकोळ सदरातील जिनसांचा हिशेब मात्र त्या त्या गावच्या माणसांनी शिकवला, आणि तो प्रामुख्याने मात्रेचा होता.

खात्यात येताना मी पुस्तकी शिदोरी घेऊन आलो होतो. थिओडोर कुक यांची मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची आणि त्याच इलाख्याच्या जंगलखात्यात आयुष्य वेचलेल्या टॅल्बटसाहेबांचे दोन जाडजूड खंड कचेरीच्या कपाटात होते, डॉ. वामन गणेश देसाई यांचा १९२७ सालचा ‘ओषधिसंग्रह’ मी स्वतः जुन्या बाजारातून मिळवला होता. पहिल्या दोहोंनी मला झाड ओळखायला शिकवले आणि तिसऱ्याने ते कशावर चालते हे सांगितले. एवढ्या सामग्रीवर आपण कोणत्याही रानात निर्धास्तपणे वावरू, अशी माझी तरुण वयातील समजूत होती. परंतु गावोगावच्या जाणत्या माणसांशी बोलताना माझ्या ध्यानात येत गेले की, झाड कोणते आणि ते कशावर चालते, या दोन प्रश्नांपाशी माझी चौकशी जेथे संपे, तेथूनच त्यांची सुरू होई. कोणाला द्यायचे, किती द्यायचे, कोणत्या ऋतूत द्यायचे, कशात मिसळून द्यायचे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोणाला मुळीच द्यायचे नाही, हा त्यांच्या विद्येचा गाभा होता.

जुन्नर, आंबेगाव आणि अकोले या तालुक्यांच्या घाटमाथ्यावर महादेव कोळी समाजाची वस्ती आहे आणि हिरडा हे तेथील कुटुंबाच्या रोख पैशाचे मोठे साधन. भातखाचरांच्या बांधावर आणि डोंगराच्या उतारावर उभी असलेली ही झाडे पुष्कळदा मालकीच्या जमिनीतील असतात; परंतु १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात वनोत्पन्नाची व्याख्या करताना काही जिनसांची नावे अशा रीतीने गोवली आहेत की, त्या जंगलात सापडोत वा जंगलाबाहेर, त्या वनोत्पन्नच समजल्या जाव्यात; आणि कात, राळ, साल, लाख यांच्या पंक्तीला तेथे मोहाची फुले आणि हिरडाही बसला आहे. त्यामुळे आजोबाने लावलेल्या, बापाने राखलेल्या बांधावरच्या झाडाचा हिरडा बाजाराला नेताना नातवाला माझ्या सहीचा पास लागे. पक्व हिरड्यात सुमारे ३० टक्के टॅनिन असते. चामडे कमावण्यासाठी तो एके काळी मुंबई बंदरातून विलायतेला जात असे, आणि कायद्याची सारी नजर त्या व्यापाराकडे लागलेली होती. घरात ज्याला मान होता तो निराळा. ऐन उन्हाळ्यात, आतली आठळी धरण्यापूर्वीच उतरवलेले कोवळे फळ वाळून काळेभोर आणि सुरकुतलेले होते; तोच बाळहिरडा.

तो एरंडेलात परतला की टम्म फुगतो. मग कुटून, सैंधव घालून, वयस्क माणसाला रात्री कोमट पाण्याबरोबर देतात. हे मी पुस्तकातही वाचले होते. पण एका वाडीवर पास लिहून देत असता मी सहज चौकशी केली, तेव्हा तेथील एका आजींनी मला जे उत्तर दिले ते वेगळ्याच टोकापासून सुरू झाले. “सायेब, पोटुशीला न्हाय द्यायचा. उपाशी मान्साला न्हाय. तापातून उठलेल्याला तर न्हायच न्हाय.” एवढे सांगून झाल्यावर मग त्यांनी कोणाला द्यायचा ते सांगितले. पुढे कधीतरी ‘भावप्रकाश’ चाळताना मला तेथे जवळपास हीच वर्ज्ये आढळली: गर्भवती, उपवासाने कृश झालेला, वाट चालून थकलेला. त्याच ग्रंथपरंपरेत हिरड्याचे ऋतुपरत्वे सोबती सांगितले आहेत. वर्षाऋतूत सैंधव, शरदात साखर, हेमंतात सुंठ, शिशिरात पिंपळी, वसंतात मध आणि ग्रीष्मात गूळ. ज्या वाडीवर संस्कृताचे एक अक्षर पोहोचले नव्हते, तेथे हे ज्ञान पोथीतून उतरले की पोथीनेच ते अशा वाडीवरून उचलले, याचा निवाडा करणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. परंतु दोन्हीकडे निषेधाला विधानाइतकाच मान, हे साम्य मला विलक्षण वाटले.

मात्रा मोजण्याचे सर्वांत सूक्ष्म साधन मी त्याच पट्ट्यात, हाताखालच्या एका वनरक्षकाच्या घरी पाहिले, आणि ते म्हणजे सहाण. घरात काही महिन्यांचे मूल होते. सकाळची आंघोळ आटोपल्यावर त्याच्या आजीने सहाण धुऊन पुसली, तीवर उकळून निवालेल्या पाण्याचे चार थेंब टाकले आणि एका जुन्या डब्यातून बाळघुटीच्या जिनसा एकेक करून बाहेर काढल्या. बाळहिरडा, मुरुडशेंग, कुड्याचे पाळ, हळकुंड आणि सुंठ. जायफळ, वेखंड, अतिविष. त्यांतील निम्म्या त्याच डोंगरातल्या होत्या, निम्म्या जुन्नरच्या बाजारातून आणलेल्या. प्रत्येक तुकडा दोन बोटांत उभा धरून ती सहाणेवर ठरावीक वेढे फिरवीत होती. हळकुंडाचे चार, मुरुडशेंगेचे तीन, वेखंडाचा आणि जायफळाचा मात्र एकेकच, आणि तोही हात हलका ठेवून. मुलाला आदल्या रात्रीपासून जुलाब होत होते; त्या दिवशी हिरडा डब्यातून बाहेर निघाला खरा, पण त्याच्याकडे एकवार पाहून तिने तो परत ठेवला आणि कुड्याच्या पाळाचे वेढे वाढवले. सहाणेवर शेवटी जमलेले चाटण एका बोटाच्या टोकावर मावेल एवढेच होते. कोणत्याही दवाखान्याच्या तराजूला इतके थोडके द्रव्य हाती धरता आले नसते. वेढ्यांच्या मोजणीला मात्र ते सहज साधत होते, आणि मूल जसे मोठे होई तसे वेढेही वाढत जात.

याच कुड्याने मला ओळखीचा दुसरा धडा दिला. पांढरा कुडा आमांशावर चालतो हे सर्वश्रुत आहे, आणि त्याच्या सालीतील कोनेसिन या द्रव्याने आमांशाचा अमीबा मरतो हे गेल्या शतकातील रसायनशास्त्रज्ञांनीही दाखवून दिले. परंतु बाजारात पांढऱ्याच्या नावाखाली काळा कुडा खपवला जातो. साल सुटी करून वाळवली की भल्याभल्यांची फसगत होते. रानात मात्र ती होत नाही, कारण तेथे झाड शेंगांसकट उभे असते. पांढऱ्या कुड्याच्या लांब बारीक शेंगा जोडीने येतात, पण एकमेकींपासून सुट्या लोंबतात. काळ्या कुड्याच्या जोडशेंगा टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात. पहिल्याचे इंद्रजव जिभेला कडू, दुसऱ्याचे गोडसर. माझ्याबरोबर फिरणारा ठाकर वाटाड्या यांपैकी काहीच न सांगता नुसते एक बी माझ्या हातावर ठेवी आणि चावायला सांगे. साल काढतानाही तो खोडाच्या एकाच अंगाची, हातभर लांबीची पट्टी काढीत असे. सभोवार साल सोलली की झाड वाळते, हे त्याला कोणी प्रशिक्षणवर्गात शिकवले नव्हते.

पेय आणि औषध यांतील फरक मला उपळसरीने समजावून दिला. कुंपणाकाठी, खडकांच्या सांदीत तारेसारख्या बारीक वेलीने पसरणाऱ्या या वनस्पतीचे मूळ उकरून काढले की हाताला असा सुगंध येतो की ओळख पटवायला दुसरा पुरावा लागत नाही. पुस्तकातून तिला अनंतमूळ म्हणतात. उन्हाळ्यात आमच्या नाक्यावरच्या माठात मुळाचे ठेचलेले तुकडे आणि वाळ्याची जुडी रात्रभर पडलेली असे, आणि वणवा विझवून भाजून आलेले आमचे लोक ते पाणी गटागटा पीत. एकदा नवीन आलेल्या कारकुनाने उत्साहाच्या भरात ती मुळे चहासारखी खळखळून उकळली, तेव्हा स्वयंपाक करणाऱ्या बाईने त्याचा हात धरला. उकळीबरोबर वास उडून जातो आणि वास गेला की थंडावाही गेला, असे तिचे म्हणणे; आणि रसायनदृष्ट्याही ते बरोबर होते, कारण मुळातील सुगंधी द्रव्य उडून जाणारे आहे. वैद्यकात याच विवेकाने स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट असे पाच प्रकार मानले आहेत. गावच्या चुलीपाशी त्याचा ठोकताळा सोपा होता: जे तहानेसाठी आहे ते भिजवावे, जे व्याधीसाठी आहे ते आटवावे. भिजवलेले पाहुण्यालाही पुढे करता येते. आटवलेले मात्र विचारपूस केल्याशिवाय कोणाच्या हाती देत नाहीत.

हा ठोकताळा सर्वांत कठीण कसोटीला लागतो तो मोहापाशी. जव्हार-मोखाड्याकडे माझी बदली झाली तेव्हा फाल्गुन सरत होता. मोहाची मांसल फुले रात्रीतून गळतात. झुंजूमुंजू होताच बायका-मुले पाट्या घेऊन झाडाखाली जमतात आणि ऊन चढण्यापूर्वी वेचणी आटोपते. फुले पाचोळ्यात हरवू नयेत म्हणून झाडाखालचा पाला पेटवण्याची रीत होती, आणि तो जाळ राखीव जंगलात शिरला की माझे आणि गावाचे वाजे. पाला जाळण्याऐवजी झाडून काढावा, यासाठी मी गावोगाव बैठका घेतल्या; काहींनी ऐकले, काहींनी माझ्या पाठीमागे काडी लावली. वेचलेली फुले अंगणात वाळवून कणगीत भरून ठेवीत. त्यांत इतकी साखर असते की आषाढात धान्य संपल्यावर कित्येक घरे ती शिजवून किंवा भाजून खात. खोकल्याला दुधात उकळलेली फुले, सांधेदुखीला बियांचे तेल, आणि फुले आंबवून गाळलेली दारू ही तर देवाला, लग्नाला आणि मयताला लागणारीच.

सरकारचे मोहाशी वाकडे फार जुने आहे. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने घरोघरच्या भट्ट्यांवर टाच आली, तरी फुले मुबलक असल्यामुळे गाळप थांबेना. म्हणून १८९२ च्या खास कायद्याने ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांत खुद्द फुलांच्या साठ्यावरच निर्बंध घातला गेला. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला. म्हणजे एकाच जिनसेला तीन खाती तीन नजरांनी पाहत होती. माझ्या लेखी ते वनोत्पन्न होते, दारूबंदीच्या अंमलदाराच्या लेखी मुद्देमाल, आणि महसुलाच्या कारकुनाच्या लेखी टंचाईच्या दिवसांतील पूरक अन्न. एका पाड्यावर छापा पडला तेव्हा स्थानिक अधिकारी म्हणून मला हजर राहावे लागले. झोपडीच्या कोपऱ्यातील एक लहान बाटली पंचनाम्यात चढली. घरात बाळंतीण होती आणि बाटलीतील दारू तिच्या कमरेला चोळण्यासाठी ठेवलेली होती. ती किती होती, तर लिहिणाऱ्यालाही आकडा लिहिताना संकोच वाटावा इतकी. घरच्या म्हाताऱ्याने वाद घातला नाही. मागाहून माझ्याबरोबर पायवाटेने चालताना तो एवढेच म्हणाला, “पयला देवाला, मंग पावन्याला, मंग बाळंतनीला. रोज प्यायला कोन सांगतो?” त्याच पाड्यावर रोज पिणारे होते आणि त्यांच्या घरची दैना मी डोळ्यांनी पाहिली होती, त्यामुळे त्याचे बोलणे मी सर्वस्वी मान्य केले नाही. परंतु प्रसंग, क्रम आणि प्रमाण यांचा बांध त्या समाजाने स्वतः घातलेला होता, आणि तो फुटण्यास दारिद्र्य व बाहेरून आलेला दारूचा धंदा हे बरेच कारणीभूत झाले होते, ही गोष्ट पंचनाम्याच्या नमुन्यात कोठेही लिहिण्याची सोय नव्हती.

सावंतवाडीकडे आल्यावर वातावरण पालटले. तेथले मुख्य झाड भिरंडाचे, रत्नागिरीकडे ज्याला रातांबा म्हणतात ते. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या औषधिसंवादांत या फळाची नोंद केली आहे. म्हणजे त्याची लिखित कीर्तीही चार शतकांहून जुनी. एकाच फळाचा किती अंगांनी विनियोग व्हावा याचा हा आदर्श आहे. वरची साल रसात पुनःपुन्हा बुडवून उन्हात वाळवली की आमसूल. रसात मीठ घालून ठेवले की आगळ. सालीच्या वाट्यांत साखर भरून उन्हात ठेवल्या की सरबताचा पाक. आगळात नारळाचे दूध मिसळले की सोलकढी. अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी पोटातही देतात आणि अंगालाही चोळतात. उरल्या बिया. त्या वाळवून, कुटून, पाण्यात उकळत ठेवतात. हळूहळू वर येणारी साय पळीने काढून घेतात आणि ती निवताना मुठीत दाबून तिचे गोळे वळतात. हे मुठेल थंडीत दगडासारखे घट्ट होते आणि भेगाळलेल्या टाचेवर, चुलीच्या धगीला धरून घासले की वितळून आत मुरते. ज्या घरी मी भाड्याने राहत होतो तेथल्या काकी मे महिन्याच्या अखेरीस घरच्या सगळ्यांना भिरंडाच्या कामाला जुंपीत आणि आभाळाकडे बोट दाखवून मलाही घाई करीत: “सायबानू, पाऊस पडलो काय भिरंडात पाणी भरता, मग आगळ टिकना नाय.” तहान, जेवण, पित्त आणि टाच या चौघांचा हिशेब पहिल्या सरीपूर्वी पुरा व्हावा लागे.

औषधी काढण्याच्या जुन्या रीतीत आदल्या संध्याकाळी झाडापाशी जाऊन अक्षता वाहून निमंत्रण द्यावे, आणि दुसऱ्या दिवशी, शक्यतो रविपुष्याच्या योगावर, मौन धरून ती आणावी, असा दंडक आहे. विज्ञानाच्या पदवीधराला यात भाबडेपणा दिसणे स्वाभाविक होते. वर्षानुवर्षे ही रीत पाहिल्यावर मला तिच्या परिणामाचे महत्त्व वाटू लागले: एवढे सोपस्कार करून माणूस घरच्या रोग्यापुरतेच मूळ आणतो, पोते भरून आणत नाही. निवृत्तीपूर्वीच्या काळात सह्याद्रीच्या दाट रानात नरक्याची लूट सुरू झाली तेव्हा हा फरक माझ्यापुढे उघडा झाला. फुलांना दुर्गंध असलेल्या या झाडाचा घरगुती उपयोग आमच्या भागात कोणी सांगितल्याचे मला स्मरत नाही. परंतु कर्करोगावरील औषधासाठी लागणारे कॅम्पटोथेसिन त्यात आहे हे १९७२ च्या सुमारास भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी दाखवले, पुढे परदेशी मागणी वाढली, आणि रातोरात तोडलेल्या लाकडाच्या चिपा पोत्यांत भरून गाड्या घाट उतरू लागल्या. त्या औषधाने कोठे तरी रोग्यांचे आयुष्य वाढले असेल आणि त्याबद्दल कृतज्ञच असले पाहिजे. पण त्या व्यवहारात झाडाला निमंत्रण देणारा कोणी नव्हता, आणि कोठे थांबायचे हे ठरवणाराही नव्हता.

निवृत्तीनंतर २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली गावोगाव लोकजैवविविधता नोंदवह्या लिहिण्याचे काम सुरू झाले, आणि जव्हारकडच्या एका गावाने जुनी ओळख ठेवून मला बोलावले. छापील नमुन्यात वनस्पतीचे स्थानिक नाव, उपयोगी भाग, उपयोग, सांगणाऱ्याचे नाव असे रकाने होते. पहिल्याच नावापाशी गाडी अडली. कुड्याचा उपयोग लिहून मी पुढे सरकणार, तोच मागे बसलेल्या एका वयस्क बाईने विचारले की, बद्धकोष्ठ असणाऱ्याला हा देऊ नये हे कोठे लिहिलेत? तसा रकाना नव्हता. अखेर सरकारी नमुन्यात जो सदैव असतो आणि सदैव कोरा राहतो तो ‘शेरा’ हा रकाना आम्ही त्यासाठी वापरायला घेतला. दुपारपर्यंत सर्वांत भरगच्च झालेला रकाना तोच होता: पोटुशीला नको, उकळू नये, पावसाळ्यात काढू नये, सभोवार साल सोलू नये, एका वेढ्याहून अधिक नको.

या विद्येच्या रक्षणाची आज पुष्कळ चर्चा होते, आणि ती बहुधा कोणत्या झाडात कोणता गुण आहे याच्या याद्यांपाशी थांबते. तशा याद्या पदे शास्त्र्यांच्या ‘वनौषधिगुणादर्शा’पासून आपल्यापाशी उत्तम आहेत. नाहीशी होत चालली आहे ती शेऱ्याच्या रकान्यातली माणसे, जी हिरडा हातात घेऊन, मुलाकडे पाहून, परत डब्यात ठेवू शकतात. गुण पुस्तकात टिकतो, निषेध मात्र सांगणाऱ्या माणसावाचून फार दिवस टिकत नाही. आणि निषेध गळून पडलेला गुण बाजाराला स्वस्तात मिळतो.

त्या दिवशी सर्वांत शेवटी मोहाचे नाव निघाले. उपयोगांवर एकमत होण्यास वेळ लागला नाही; शेऱ्यावरून मात्र सभा दोन भागांत विभागली गेली. प्रमाण ज्याने त्याने आपले ठरवावे असे पुरुषांचे म्हणणे, आणि बाटली घरधनिणीच्या ताब्यात असावी असे स्पष्ट शब्दांत लिहिले पाहिजे हा बायकांचा आग्रह. दिवेलागणीपर्यंत कोणीच मागे हटेना, तेव्हा तेवढा रकाना मोकळा ठेवून विषय पुढील ग्रामसभेवर टाकण्यात आला आणि इतिवृत्तावर सर्वांच्या सह्या व अंगठे घेण्यात आले; त्यांत बायकांचे अंगठे अधिक होते.